अंगणाखालची जमीन

शेताची जमीन आपण पारखून घेतो. तिचा रंग पाहतो, पोत पाहतो, पावसानंतर वाफसा किती दिवसांनी येतो याचा अंदाज घेतो, आणि एवढे झाल्यावरच तीत कापूस घ्यावा की तूर, हे ठरवितो. परंतु ज्या जमिनीवर आपण घर उभारतो, जीत शौचालयाचा खड्डा खणतो आणि ज्या परसात भाजीपाला लावतो, तिच्याविषयी एवढी चौकशी कोणी सहसा करीत नाही. कृषी खात्याचा माणूस शेताच्या बांधाशी थांबतो. बांधकामाचा माणूस जोत्यापासून सुरुवात करतो. आणि मधली जमीन कोणाचीच नाही अशी तिची स्थिती होऊन बसते. या उपेक्षेची किंमत अखेर शेतकऱ्यालाच मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या आपणा सर्वांपुढे ते थोडे विस्ताराने मांडीत आहे.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग कल्पिले होते. पिकांची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत हे दोन शब्द याच अर्थाने येतात. पांढरीचा पांढरेपणा काही ठिकाणी मुळातल्या चुनखडीचा असला, तरी पुष्कळ अंशी तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीचा, चुलीतील राखेचा व पडलेल्या मातीच्या भिंतींचा असतो. दख्खनच्या पठारावर जुन्या वसाहतींची जी टेकाडे आढळतात, त्यांना लोक आजही पांढरी म्हणूनच ओळखतात. ही माती ओल पिऊन काळीइतकी फुगत नाही व वाळून तितकी भेगाळतही नाही. म्हणून भिंती घालावयास व माळवदावर पसरावयास ती घेत असत. गाव उंचवट्यावर, पिकांसाठी फारशा उपयोगी नसलेल्या जागेवर आणि पाण्याच्या सोयीने वसे. यामागे प्रयोगशाळा नव्हती, परंतु जमिनीची पारख होती. जुने ते सर्व चांगले, असे मला म्हणावयाचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड माळवदे यांनीच हजारो माणसांचा घात केला. घर कसे बांधावे हे आपण पूर्वजांकडून शिकू नये. कोठे बांधावे हे मात्र अवश्य शिकावे.

आज नेमके उलट होत आहे. गावठाणे भरली. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या आणि नवी घरे काळीत सरकली. रस्त्याकडेच्या शेताचे तुकडे पाडून त्यांवर वस्त्या उभ्या राहत आहेत. गावठाण वाढविताना जागा निवडली जाते ती रस्त्याच्या सोयीने, मालकाच्या संमतीने, क्वचित गावच्या राजकारणाने. जमिनीच्या जातीने नव्हे. ज्या माळावर पीक येत नाही तो माळ मोकळा राहतो, आणि जी काळी पिकाला उत्तम ती घराखाली जाते. यात दुहेरी नुकसान आहे. कसदार शेत गेले ते गेलेच, शिवाय घरही धड उभे राहिले नाही.

काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण त्यामागचे कारण पुन्हा सांगणे अवश्य वाटते. महाराष्ट्राचा फार मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे. हा पाषाण झिजून जी चिकण माती झाली तिचे सूक्ष्म कण पत्त्यांच्या जुडीसारखे थरांचे असतात. या थरांमध्ये पाणी शिरले की जुडी फुगते, आणि पाणी निघून गेले की आकसते. म्हणून मे महिन्यात शेताला हाताची मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात व आषाढात त्या मिटून जमीन वर येते. पिकाच्या दृष्टीने हा गुणच आहे. जमीन आपली आपण उलथते, ओल दीर्घकाळ धरते, आणि रब्बीची ज्वारी या ओलीवरच निभावते. परंतु या हलत्या जमिनीवर हलके घर बांधले, म्हणजे घरही तिच्याबरोबर हलू लागते. फुगताना जमिनीचा वर येणारा दाब एकमजली घराच्या भारापेक्षा अधिक असू शकतो. घराच्या मध्यभागी, फरशीखाली, ओल टिकून राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते व पावसाळ्यात भिजते. मध्य स्थिर आणि कडा वरखाली, अशी ओढाताण सुरू झाली की खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे तडे निघतात, दाराची चौकट वाकते, कडी लागेनाशी होते, कोबा मध्येच उचलतो.

गवंडी उन्हाळ्यात तड्यात सिमेंट भरतो. पावसाळ्यात तडा मिटू पाहतो, पण मिटावयास जागा उरलेली नसते. मग भिंत दुसरीकडे फाटते. असे दोन-तीन वर्षे चालते, आणि अखेर मालक नशिबाला किंवा सिमेंटला दोष देतो. दोष सहसा सिमेंटचा नसतो.

हे सर्व आपल्या अभियंत्यांना ज्ञात नाही असे मुळीच नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया प्रचारात आणला. हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन तो घराला धरून ठेवतो. त्याच्या फुगीर भागाचा व्यास खांबाच्या सुमारे अडीचपट ठेवतात आणि खोली सामान्यतः दहा-बारा फूट असते. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर नीट दाबून घातला, तर खालच्या मातीचे फुगणे पुष्कळ आवरते. कालव्यांच्या अस्तरासाठी हे तत्त्व भारतीय मानकातही आले आहे. आपल्याकडे अशी माती म्हणजे माती धरलेला मुरूम. ज्ञान आहे, ते गावातल्या गवंड्यापर्यंत पोचले नाही एवढेच.

काळ्या मातीचा थर तीन-चार फुटांचा असून खाली मुरूम लागत असेल, तर पाया मुरमापर्यंत नेणे हा सर्वांत साधा व खात्रीचा उपाय होय. थर त्याहून जाड असल्यास चर रुंद खणून काळी माती काढावी आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून व धुमसाने ठोकून भरावा. येथे दोन चुका वारंवार दिसतात. एक, मुरमाऐवजी नुसती वाळू किंवा खडी भरणे. तीतून पाणी सरळ खाली उतरते व काळीला भिजविते. दुसरी, खणलेली काळी मातीच पायाच्या बाजूंनी पुन्हा लोटून देणे. कारण ती तेथेच पडलेली असते व फुकट असते. ही फुकट माती पुढे फार महाग पडते. जोत्याच्या उंचीवर लोखंडी सळयांची काँक्रीट पट्टी चारही बाजूंनी अखंड घ्यावी, आणि घराभोवती चार फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरू देऊ नये. एवढी फरसबंदी पैसे उरले तर करू म्हणून मागे ठेवली जाते आणि मग कधीच होत नाही. मला विचाराल तर रंगापेक्षा ती आधी करावी.

थर फारच खोल असेल तर खांबांचा पाया हाच मार्ग, आणि तेथे जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतलाच पाहिजे.

यात प्रश्न पैशाचा आहे हे उघड आहे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत २०१६ पासून सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र असे प्रमाण ठरले. हे प्रमाण माळावरच्या घराला आणि दहा फूट काळीवरच्या घराला एकच. माळावर दोन-अडीच फुटांत कठीण थर लागतो व पैसा भिंतींना राहतो. काळीत तोच पैसा जमिनीखाली गडप होतो, म्हणून लाभार्थी पाया उथळ घेतो आणि भिंती उभ्या करतो. कारण हप्ता मिळतो तो दिसणाऱ्या कामावर. विधवा, शेतमजूर, अल्पभूधारक यांच्या वाट्याला आयुष्यात एकदाच येणारे हे घर. मी पाहिलेल्या एका वस्तीत सर्व घरे एकाच नमुन्याची आणि एकाच वर्षातील होती. ओढ्याकडची, खोल काळीवरची ओळ तडकली होती आणि चढावरची, मुरमावरची ओळ शाबूत होती. गवंडी तोच, सिमेंट तेच. जमिनीच्या जातीप्रमाणे पायासाठी वेगळी वाढीव तरतूद असावी, असे माझे मत आहे. ती होईपर्यंत निदान जागेची निवड तरी जमीन पाहून व्हावी. त्यास एक पैसाही अधिक लागत नाही.

आता शौचालयाविषयी. माझ्या मते सर्वांत मोठी हेळसांड येथेच आहे, आणि ती डोळ्यांस दिसत नाही म्हणून अधिक घातक आहे.

२ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाखाली गावोगाव शौचालये झाली. प्रत्येकी १२ हजार रुपयांचे साहाय्य मिळाले, आणि दोन खड्ड्यांचे शौचालय हा नमुना शिफारशीत होता. हा नमुना मूळचा फार शहाणपणाचा आहे. एक खड्डा साधारण तीन वर्षांत भरतो. तो बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्यात वळवावयाचा. पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत निर्धोक खत होते. पाणी मात्र खड्ड्याच्या जाळीदार भिंतीतून आसपासच्या जमिनीत मुरले पाहिजे. म्हणजे हा नमुना अर्धा विटांचा व अर्धा जमिनीचा आहे. विटांचा अर्धा भाग आपण नकाशाप्रमाणे बांधला. जमिनीचा अर्धा भाग तपासलाच नाही.

हिशेब करून पाहू. पाच माणसांच्या कुटुंबात, हातबादलीने पाणी टाकण्याच्या शौचालयात, खड्ड्यात रोज सुमारे ५० लिटर पाणी जाते असे धरावे. बाहेरून १.२ मीटर व्यासाच्या आणि १ मीटर कामी येणाऱ्या खोलीच्या खड्ड्याला बाजूचे क्षेत्र सुमारे ३.८ चौरस मीटर मिळते. पोयट्याची जमीन दीर्घकाळ दर चौरस मीटरला रोज ३० लिटर पाणी घेते असे मानतात; म्हणजे ११० लिटरांहून अधिक, दुपटीने पुरेसे. घट्ट चिकण मातीचा दर अवघा १० लिटर. म्हणजे ३८ लिटर. रोजचे १२ लिटर पाणी मुरत नाही, ते साठत जाते. आणि हा १० लिटरांचा आकडाही न फुगणाऱ्या चिकण मातीचा आहे. आपली काळी भिजून फुगली की त्याहूनही कमी पाणी घेते. मग श्रावणात खड्डा तुंबतो, भांड्यातून पाणी वर येते, आणि घरातील माणसे पुन्हा पाणंदीचा रस्ता धरतात. यावर त्यांची सवय सुटत नाही अशी टीका करणे सोपे आहे. कित्येक ठिकाणी सवयीचा प्रश्न नव्हताच. तो मुरण्याचा प्रश्न होता.

उपाय आहेत. खड्डा बांधकामापेक्षा भोवताली एक फूट जास्त रुंद खणून त्या जागेत विटांचे तुकडे किंवा भरड वाळू भरली, तर मुरण्याचे क्षेत्र सुमारे साडेपाच चौरस मीटरांवर जाते व वरच्याच दराने ५६ लिटरांची सोय होते. काळीत हेही काठावरचेच समजावे. खाली मुरूम सहा-सात फुटांत लागत असेल, तर खड्ड्याचा तळ मुरमात उतरविणे उत्तम. मात्र पाण्याची पावसाळी पातळी तेथून दोन मीटर खाली असली पाहिजे. आणि न्हाणीचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये. न्हाणीच्या दोन बादल्या या सर्व हिशेबाचा चुराडा करतात.

जमीन पाणी किती घेते हे पाहण्याची रीत सोपी आहे. ज्या खोलीवर पाणी मुरवावयाचे त्या खोलीपर्यंत वीतभर रुंदीचा खड्डा घ्यावा, बाजू खरडून मोकळ्या कराव्या, तळाशी दोन इंच भरड वाळू टाकावी, फूटभर पाणी भरावे आणि रात्रभर जमीन पाण्याने तृप्त होऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी पाणी एक इंच उतरावयास किती मिनिटे लागतात ते मोजावे. तीस मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालेल. साठ मिनिटांहून अधिक लागत असतील तर त्या जमिनीत सांडपाणी मुरविण्याची आशा सोडावी. रात्रभर भिजविण्याची पायरी पुष्कळजण गाळतात, आणि काळीत नेमकी हीच पायरी महत्त्वाची आहे. मे महिन्यात भेगाळलेल्या काळीत पाणी ओतले तर ते घटकेत नाहीसे होते आणि पाहणारा खूश होतो. ते पाणी मातीत मुरलेले नसते, भेगांत पळालेले असते. माती फुगून भेगा मिटल्यावर तीच जमीन मडक्यासारखी वागते.

अलीकडे दोन खड्डे नकोत, सेप्टिक टाकीच हवी, असा आग्रह वाढला आहे. टाकी प्रतिष्ठेची समजली जाते. वस्तुतः टाकी मैला साठविते आणि काही अंशी कुजविते. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते, ते जमिनीत मुरवावेच लागते. ज्या जमिनीत खड्डा चालत नाही, त्या जमिनीत टाकीचा शोषखड्डाही चालत नाही. मग मालक टाकीची नळी गटारात सोडतो आणि आपल्या घरचा प्रश्न शेजाऱ्याच्या दारी नेतो. शिवाय टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. उपसणारी गाडी तालुक्याच्या गावाहून येणार, तिचे भाडे भारी, आणि पावसाळ्यात ती वस्तीवर पोचेलच असे नाही. अशा वेळी मजूर टाकीत उतरविले जातात. टाकीतील विषारी वायूने माणसे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे आपण प्रत्येक गावात स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मुरमाड जमिनीत याच्या उलट धोका आहे, आणि तो कमी लोकांच्या ध्यानी येतो. तेथे पाणी झटपट मुरते म्हणून सगळे समाधानी असतात. पण मुरमाखाली भेगाळ खडक असेल, तर मैल्याचे पाणी गाळले न जाताच भेगांतून विहिरीकडे धावते. जमीन मातीची असेल, खड्ड्याचा तळ व पाण्याची पातळी यांत दोन मीटर अंतर असेल, तर विहिरीपासून तीन मीटरही चालतात. पाणी त्याहून वर येत असेल तर दहा मीटर तरी हवेत. भेगाळ खडकात मात्र कोणताच ठरीव आकडा निर्धोक मानू नये. खड्डा विहिरीच्या उतारावर, म्हणजे खालच्या अंगाला असावा, आणि विहिरीचे पाणी पावसाळ्यात तपासून घ्यावे. माळावरचा शेतकरी ज्या भेगांच्या भरवशावर विहीर खणतो, त्याच भेगा मैला वाहून नेऊ शकतात, एवढे त्याला समजावून सांगितले तर तो स्वतःच जागा बदलतो, असा माझा अनुभव आहे.

कोकणाची गोष्ट निराळी. तेथे जांभा कापून चिरे निघतात, वाऱ्याला ते कठीण होतात, आणि पाया ही मोठी अडचण नसते. परंतु पावसाळ्यात आडाचे पाणी काठाशी येते, आणि जमिनीत खणलेला खड्डा पाण्यातच बुडून जातो. तेथे खड्डा जमिनीच्या वर उचलून, भोवती मातीचा भराव घालून करावा. खारभूमीत सळया गंजतात. तेथे काँक्रीट दाट व सळईवरचे आवरण जाड ठेवावे. अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात काळी माती चोपण झालेली, तळाचे पाणी खारट, आणि मुरण्याची क्रिया जवळजवळ शून्य. तेथील गावांसाठी सामाईक निचऱ्याची योजना शासनानेच हाती घेतली पाहिजे, एकेकट्या घराच्या आवाक्यातली ती बाब नव्हे.

सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांचे लोण नांदेड जिल्ह्यातून पसरले. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती लहानमोठे दगड, अशी त्याची रचना आहे. गटारे आटली, डास घटले, हे पुष्कळ गावांनी अनुभवले. मी या कामाचा पक्षपाती आहे. परंतु सरसकट उद्दिष्ट म्हणून ते राबविले जाते तेव्हा खोल काळीतही तोच चार फुटांचा खड्डा खणला जातो, आणि एका पावसाळ्यात तो डबके होतो. काळीत खड्ड्याचा तळ मुरमाला लागलाच पाहिजे. लागत नसेल तर पाणी जमिनीत न मुरविता जमिनीवर वापरावे. येथे परसबागेचा संबंध येतो.

घर, खड्डा व बाग या तीन निरनिराळ्या बाबी नाहीत, हे काळ्या जमिनीइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. भिंतीलगत भाजीचे वाफे करून रोज पाणी दिले, तर त्या बाजूची माती फुगते व भिंत उचलली जाते. घराच्या एका कोपऱ्याशी शोषखड्डा केला, तर तोच कोपरा भिजतो. भिंतीजवळ वड, पिंपळ, निलगिरीसारखे मोठे झाड वाढले, तर ते उन्हाळ्यात मातीतील ओल शोषते आणि तो कोपरा खचतो. म्हणून काळीत वाफे व शोषखड्डा जोत्यापासून निदान दहा-पंधरा फूट दूर, आणि मोठे झाड आपल्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके दूर असावे.

सांडपाण्याच्या वाटेवर केळी, अळू व कर्दळ लावावी. ओल त्यांना मानवते. पपई मात्र तेथे लावू नये. मुळाशी दोन दिवस पाणी साठले तरी पपईचा बुंधा सडतो, आणि परसातील पपई मरण्याचे हेच नेहमीचे कारण आहे. शेवग्यालाही साठलेले पाणी सोसत नाही. काळीत भाजीपाला गादीवाफ्यावर घ्यावा, वाफ्यांत शेणखत व पालापाचोळा सढळ हाताने मिसळावा, आणि दोन वाफ्यांमधून पाणी निघून जाईल अशी सरी ठेवावी. चुनखडीच्या जमिनीत कागदी लिंबाची पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथे युरिया देऊन उपयोग होत नाही, कारण कमतरता लोहाची असते. जमिनीत लोह असतेच, पण चुन्यामुळे ते झाडाला उचलता येत नाही. सेंद्रिय खत वाढवावे, पाणी बेताने द्यावे व हिराकसाची सौम्य फवारणी करावी. हलक्या मुरमाड परसात सीताफळ, बोर, आवळा समाधानाने वाढतात. खड्डा मोठा घेऊन त्यात पोयटा व शेणखत भरावे लागते एवढेच.

घर बांधताना एक गोष्ट हमखास होते. पायातून निघालेला मुरूम, चुनखडी व सिमेंटचा राडा परसात पसरला जातो आणि वरची चांगली माती त्याखाली गाडली जाते. पुढे घरची बाई तेथे मेथी टाकते व ती पिवळी पडते. पाया खणण्यापूर्वी वरची वीतभर माती एका बाजूस काढून ठेवावी आणि बांधकाम संपल्यावर परसात पसरावी. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. शौचालयाच्या बंद खड्ड्यातील पूर्ण कुजलेले खत फळझाडांना व फुलझाडांना द्यावे. कच्ची खाण्याच्या भाज्यांना ते घालू नये, असे मी सुचवीन.

आता आपल्या कामाविषयी. १९ फेब्रुवारी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना देशभर सुरू झाली. तिच्यातून जमिनीविषयी बारा बाबी कळतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्ये. खताच्या मात्रेसाठी ती चांगली आहे. परंतु तिचा नमुना वरच्या वीतभर थरातला असतो. त्याखाली काय आहे, माती किती फुगते, पाणी किती घेते, मुरूम कोठे लागतो, हे ती सांगत नाही आणि तिने सांगावे अशी अपेक्षाही नाही. ते सांगणार आपण. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे नकाशे आहेत. पण नकाशा प्रदेशाचा असतो, आणि घर दोन गुंठ्यांवर असते. एकाच गटात एका टोकाला मुरूम व दुसऱ्या टोकाला बारा फूट काळी आपण सर्वांनी पाहिली आहे.

माझी सूचना अशी की, घरकुल, शौचालय किंवा शोषखड्डा मंजूर करण्यापूर्वी त्या जागी पाच-सहा फुटांचा एक पाहणीखड्डा खणलाच जावा, आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीत राहावी: काळीचा थर किती, मुरूम किती खोलीवर, चुनखडी आहे काय, पाणी लागले काय. माती फुगते किती हे पाहावयाचे असेल तर वस्त्रगाळ कोरड्या मातीचे समान माप दोन काचेच्या नळ्यांत घ्यावे, एकीत पाणी व दुसरीत रॉकेल ओतावे आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलातील मातीपेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले तर सावध व्हावे, दुप्पट झाले तर साधा पाया मुळीच घेऊ नये. रॉकेल आता शिधावाटप दुकानात पूर्वीसारखे मिळत नाही हे खरे. गावच्या माध्यमिक शाळेत प्रयोगासाठी ते ठेवता येईल, आणि मुलांनाही हा प्रयोग पाहण्यासारखा आहे.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की, हे काम बांधकाम खात्याचे, आपले नव्हे. असेल, परंतु गावात जमिनीची जात ओळखणारा शासनाचा पहिला माणूस कृषी खात्याचाच असतो, आणि एक खड्डा पाहून चार ओळी लिहावयास अर्धा तास पुरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आमचे सारे शिवारच काळे; आम्ही जावे कोठे? पूर्णेच्या किंवा गोदावरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याने हा प्रश्न केला तर त्याला माळ दाखविता येत नाही. तेथे जागेची निवड नव्हे तर पायाची रीतच बदलली पाहिजे. मुरूम ब्रासच्या हिशेबाने बाहेरून आणावा लागणार, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे. अशा गावांच्या ग्रामसभांनी आपल्या पाहणीखड्ड्यांच्या नोंदी जोडून पंचायत समितीकडे वाढीव तरतुदीचा ठराव पाठवावा. नुसती मागणी फेटाळणे सोपे असते. पंचवीस खड्ड्यांची मापे जोडलेली मागणी तितकी सोपी नसते.

पाहणीखड्डा खणताना काळीच्या बाजू ढासळतात, म्हणून तो सरळ न घेता पायऱ्यांनी घ्यावा, एकट्याने खाली उतरू नये, आणि काठाला काट्यांचे कुंपण घालावे. एप्रिल-मे महिन्यात थर पाहावे व मापे घ्यावी. शक्य तेथे खड्डा झाकून तसाच ठेवून ऑगस्टमध्ये त्यात पुन्हा डोकवावे व पाणी कोठवर आले ते मोजून त्याच नोंदीत लिहावे. शौचालयाचा तळ किती खोल ठेवावयाचा, हे त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरते.